न बोलता अभिनय : ‘द लंचबॉक्स’ आणि ‘फँड्री’मधले दोन प्रसंग

पात्राच्या मनात काय चालले आहे हे सांगायला दर वेळी संवाद लागतोच असे नाही. नजर, हातांची हालचाल किंवा नुसते स्तब्ध उभे राहणे यांतूनही ते कळते. भरताच्या नाट्यशास्त्रात शरीरातून होणाऱ्या अभिनयाला ‘आंगिक’ आणि शब्दांतून होणाऱ्या अभिनयाला ‘वाचिक’ म्हटले आहे. रंगभूमीवर भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे तिथे पापणीची हालचालही पुरते.

चुकून आलेला डबा

रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’मध्ये (2013) मुंबईतल्या साजन फर्नांडिस या एकट्या राहणाऱ्या विधुराकडे दुसऱ्याच कुणाचा डबा येतो. इरफान खान डबा उघडतात, वास घेतात, मग चव. चेहऱ्यावर मोठे आश्चर्य नाही, वाक्यही नाही. पण घरच्या जेवणाची सवय किती वर्षांपूर्वी सुटली असेल, हे प्रेक्षकाला कळते.

राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या (सोमनाथ अवघडे) आणि त्याचे वडील कचरू (किशोर कदम) घरच्यांसह गावात डुकरे पकडत असतात. वर्गमित्रांनी, विशेषतः शालूने, आपल्याला या कामात पाहू नये म्हणून जब्या लपत असतो. डुक्कर हाती लागणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागच्या जागी थांबतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. जात, गरिबी, शाळेत मिळालेली शिस्त आणि पोटाचा प्रश्न हे सगळे त्या ताठ उभ्या शरीरांत एकत्र येते. या भूमिकेसाठी अवघडे यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे परिणामकारक का ठरते?

दोन्ही प्रसंगांत आधीची कथा मोलाची आहे. साजनचा एकटेपणा आणि जब्याची लाज माहीत असते, म्हणूनच लहानशा कृतीला अर्थ येतो. शिवाय संवाद नसला, तरी आवाज असतोच. ‘फँड्री’तले राष्ट्रगीत काढून टाकले, तर नुसती थांबलेली माणसे उरतात. अभिनेता कमी करतो तेव्हा पटकथा, ध्वनी आणि संकलन यांनी उरलेले काम केलेले असते. शेवटचा अर्थ मात्र प्रेक्षक स्वतः लावतो, त्यामुळेच असे प्रसंग दीर्घकाळ लक्षात राहतात.