दुपार घरात, संध्याकाळ तलावावर

नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं. थोड्याच वर्षांत प्रांताच्या कारभारात एक वार्षिक रिवाज रुळला: ऊन तापायला लागलं की मोठे साहेब दप्तरं आणि कारकून घेऊन सातपुड्यात पचमढीला जायचे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने त्या पठारावरचं रान आणि तिथली हवा आपल्या पुस्तकात मोठ्या प्रेमाने वर्णन केली, आणि १८७१ मध्ये ते लंडनमध्ये प्रसिद्धही झालं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंच, तर पचमढी हजार मीटरच्या वर. थंडाव्यासाठी एवढा फरक पुरेसा होता. पाऊस सुरू झाला की सरकार परत यायचं.

साहेबांचं राज्य गेलं, पण राज्यकर्ते आणि नागपूरचा मे महिना यांचं काही जमलं नाही ते नाहीच. १९५३ च्या नागपूर करारामुळे महाराष्ट्राच्या विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. ते बहुतेक डिसेंबरात, हुरडा आणि संत्र्यांच्या दिवसांत. २०१८ मध्ये एकदा पावसाळी अधिवेशन इथे भरवून पाहिलं, तर जुलैच्या एकाच पावसात विधानभवनाची वीज गेली. उन्हाळी अधिवेशनाचं नाव कोणी काढत नाही. त्यामुळे नागपूरचा उन्हाळा कसा काढायचा, ही विद्या सरकारदरबारी कधी तयार झालीच नाही. ती तयार झाली महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोलीच्या घरांत.

ऊन किती, ते आधी सांगायला हवं. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सियसची नोंद झाली. त्याआधी १९५४ च्या मे महिन्यातली ४७.८ ची नोंद जुने लोक सांगत असत. २०२४ च्या मे अखेरीला एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले, आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की यंत्रातच बिघाड होता. गंमत म्हणजे हा खुलासा होईपर्यंत तो आकडा खोटा असेल असं फार कमी नागपूरकरांना वाटलं. ‘तपन होऊनच राहिली तशी, बापा,’ एवढं म्हणून लोक कामाला लागले.

या तपनीशी जमवून घ्यायचं म्हणजे दिवसाचे तुकडे पाडायचे. पहाटे पाच ते नऊ ही कामाची वेळ. अकराच्या आत बाजारहाट उरकून दारं-खिडक्या लावायच्या. बारा ते पाच घराबाहेर पडायचं ते नाइलाज असेल तरच, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून. कांद्याने ऊन लागत नाही याला वैद्यकाचा आधार नाही, पण आजीचा आहे. शाळांनीही हे मान्य केलं: राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर घंटा वाजते, तेव्हा विदर्भातल्या मुलांची सुट्टी अजून आठवडा-दहा दिवस शिल्लक असते.

जुन्या महालातल्या वाड्यांच्या जाड भिंती आणि कवेलूंची उंच छपरं दुपारपर्यंत गारवा धरून ठेवायची. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यांनी त्यात उंच छत, चहूबाजूंचा व्हरांडा आणि वाळ्याच्या तट्ट्या यांची भर घातली. दारात वाळ्याच्या मुळ्यांचा जाड पडदा बांधायचा आणि बाहेर एक माणूस त्यावर दिवसभर पाणी मारत राहणार. गरम वारा ओल्या मुळ्यांतून आत येताना थंड होतो आणि सुवासही आणतो. हा काही इंग्रजांचा शोध नव्हे; उत्तर हिंदुस्थानात तट्ट्या त्यांच्या आधीपासून होत्या. इंग्रजांनी त्यात हाताने फिरवायचा पंखा घातला आणि त्या लाकडी धुडाला ‘थर्मँटिडोट’ असं भारदस्त नाव दिलं. पंखा फिरवणाऱ्या आणि पाणी मारणाऱ्या माणसाला मात्र दुपारभर उन्हातच उभं राहावं लागे. त्याच्यासाठी काही शोध लागला नाही.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली ती एका गिरणीने. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कोरड्या हवेत सुताचा धागा ताण सहन करत नाही, सारखा तुटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे ठरलेलंच. म्हणून गिरणीत हवा दमट ठेवणारी ह्युमिडिफायर यंत्रं बसवली गेली. ती आणि आग विझवणारे स्वयंचलित फवारे, दोन्ही भारतात सर्वांत आधी इथे आले असं टाटांच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. यंत्रं आणली होती धाग्यासाठी, पण त्या दमट हवेत कामगारांनाही थोडा गारवा मिळाला असणार.

घराघरांत हा गारवा पोचला तो विजेवर चालणाऱ्या कूलरमुळे. तट्टी, पाणी मारणारा आणि पंखेवाला या तिघांना एका पत्र्याच्या पेटीत कोंबलं की झाला कूलर. मार्चच्या शेवटच्या रविवारी नागपुरातल्या कुठल्याही गल्लीत डोकावलं तर तो सोहळा दिसतो. माळ्यावरून किंवा गच्चीच्या कोपऱ्यातून पेटी खाली येते. जुन्या ताट्या, म्हणजे पेटीतल्या तट्ट्या, उपसल्या की त्यांवर क्षारांचा पांढरा थर आणि गेल्या वर्षीचा कुबट वास. वरच्या पन्हाळीची भोकं तारेने मोकळी करायची, टाकीचा तळ गंजला असेल तर डांबर नाहीतर रंग मारायचा, पंप पाण्यात बुडवून चालतो का ते बघायचं. नव्या ताट्या खसच्या म्हणजे वाळ्याच्या घ्यायच्या की स्वस्तातल्या लाकडाच्या किसाच्या, यावर घरात एक चर्चा होते. तिचा निकाल दरवर्षी तोच लागतो आणि चर्चाही दरवर्षी होते. मग खिडकीबाहेर लोखंडी घोडा लावून पेटी चढवायची. पहिल्या रात्री सगळं घर त्या एका खोलीत झोपतं.

मुंबईकराला या यंत्राचं कौतुक कळत नाही, कारण त्याच्याकडे ते चालतच नाही. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी तहानलेली हवा ओल्या ताटीतून जाताना पाणी ओढून घेते, आणि त्या बाष्पीभवनात तिची उष्णता खर्ची पडते. जूनच्या मध्यावर मृगाचे ढग आले की तोच कूलर अंगाला चिकट करतो. त्याला पाणी मात्र भरपूर लागतं, आणि तेही नेमकं टंचाईच्या महिन्यांत. शिवाय ओल्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे अपघात होतात, ही त्याची काळी बाजू.

स्वयंपाकघराने मात्र उन्हाला कामाला लावलं. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मुगवड्या यांचा वर्षाचा साठा एप्रिल-मेमध्येच व्हायचा. पहाटे चीक शिजवून सूर्य वर यायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या; दुपारी त्या ऊन खातात आणि पोरं राखण करता करता निम्म्या ओल्याच फस्त करतात. सरगुंडे हा खास वैदर्भी प्रकार: मळलेल्या कणकेची पट्टी काडीवर गोल गुंडाळत न्यायची, ओढून काढली की पोकळ नळी तयार. त्या वाळवून ठेवायच्या आणि पाहुणे आले की उकडून आमरसाबरोबर वाढायच्या. जावई आला आणि सरगुंडे नाहीत, असं चालत नसे. पन्हं, ताक, आंबील आणि माठातलं वाळा घातलेलं पाणी हा दिवसभराचा रतीब. या सगळ्याचं गोड वर्णन करताना एक गोष्ट विसरली जाते: तपनीत चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या वाट्याला ताटीची हवा कधी आली नाही.

आणि मग सूर्य कलला की दारं उघडायची.

नागपूरची फिरायची ठिकाणं नकाशावर पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातली बरीचशी फिरण्यासाठी केलेलीच नव्हती. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून शहर वसवलं. त्याचा वारस चांद सुलतान याने तट बांधला आणि ओढा अडवून जुम्मा तलाव केला, तो लोकांच्या पाण्यासाठी. तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर. अंबाझरीचं, पुढे राज्यावर आलेल्या भोसल्यांच्या काळातलं तळं १८७० च्या सुमारास बांध घालून वाढवलं गेलं, तेही शहराला नळाचं पाणी देण्यासाठी. तेलंगखेडीचा तलाव म्हणजे आजचा फुटाळा; तो आणि त्याच्या काठची बाग भोसल्यांची. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा याही राजघराण्याच्याच बागा. पाणीपुरवठा आणि राजविलास यांसाठी केलेल्या या जागा संध्याकाळी सात वाजता सामान्य कुटुंबांच्या झाल्या, कारण तिथे वारा ओला असतो. एवढंच कारण, पण ४५ अंशांनंतर ते फार मोठं कारण असतं.

अंबाझरीचा बांध उभा राहत होता त्याच सुमारास इंग्लंडात १८७१ चा बँक हॉलिडे कायदा झाला आणि ऑगस्टचा पहिला सोमवार नोकरदारांना हक्काच्या सुट्टीचा मिळाला. लंडनची कुटुंबं डबे भरभरून मार्गेट आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर जायला लागली. तिथली सहल भर दुपारची, कारण ऊन हीच चैन. इथली सहल ऊन उतरल्यावर सुरू होणारी. सकाळी निघून दिवसभर बाहेर राहायचं ही कल्पनाच नागपूरच्या मे महिन्याला मानवत नाही, ती रामटेकपुरती. तिथेही पहाटे निघून गडावरच्या रामाचं दर्शन ऊन चढायच्या आत उरकायचं आणि दुपार झाडाखाली काढायची. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी ठामपणे मांडलं. आषाढाच्या पहिल्या ढगासाठी डोळे लावून बसलेला यक्ष नागपूरकरांना आपल्यातलाच वाटला तर नवल नाही.

मुलांसाठी दोन जागा पक्क्या. एक अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. त्याच्या जाड भिंतींच्या दालनांत पेंढा भरलेले प्राणी आणि जुनी नाणी-शिल्पं बघत दुपारही काढता यायची. दुसरी महाराजबाग. भोसल्यांच्या या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला प्राणिसंग्रहालय झालं, आणि पुढे ती कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आली. तिथल्या वाघाच्या पिंजऱ्यालाही उन्हाळ्यात कूलर लावतात, आणि ‘वाघाला कूलर’ ही बातमी स्थानिक वर्तमानपत्रं दरवर्षी न चुकता छापतात. नंतर १९५८ मध्ये अंबाझरीच्या काठी उद्यान झालं, आणि पुढे सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानात ‘वनबाला’ ही छोटी आगगाडी धावू लागली. परतताना आइस्क्रीम. १९३० च्या दशकात गिट्टीखदानात राणा बंधूंनी सुरू केलेल्या दिनशॉजचं नाव त्या वाटेवर पिढ्यान्पिढ्या निघत आलं आहे.

रात्र गच्चीची. संध्याकाळी बादल्याच्या बादल्या ओतून फरशी निववायची. पहिल्या बादलीला वाफ निघते. नऊनंतर गाद्या, सुराई, रेडिओ वर जायचा. शेजारच्या गच्चीशी बोलायला आवाज चढवावा लागत नसे आणि कोणाकडे कोण पाहुणा आला हे लपतही नसे. लग्नं जुळवण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत बरंच काही या गच्च्यांवर झालं. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने कूलर बंद पडायला लागले, तेव्हा ज्यांनी गच्ची सोडली होती तेही पुन्हा वर आले. मग वीज टिकली, एसी आले, इमारतींच्या गच्च्यांना कुलपं लागली. एसीला बंद खिडकी लागते, कूलरला उघडी. शेजार तुटायला एवढा फरक पुरला. वर एसीची गरम हवा शेजाऱ्याच्याच खिडकीवर येते, ती वेगळीच कुरबुर.

हे सगळं ज्यांना घर आहे त्यांचं. शहरातल्या बागा सकाळ-संध्याकाळ उघड्या आणि दुपारी बंद, हा शिरस्ता घर असलेल्यांनी घर असलेल्यांसाठी पाडलेला होता. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. नागपूरने २०१६ मध्ये आपला आराखडा आखला. त्यात पाणपोया, दवाखान्यांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळी सोय, लोकांना आधी इशारा देणं, अशा गोष्टी होत्या. त्याबरोबर महापालिकेने उन्हाळ्यात आपल्या बागा दुपारीही उघड्या ठेवायला सुरुवात केली. भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवण्यात येऊ लागले, कुठे थांब्यावर हिरव्या जाळ्या ताणल्या गेल्या, म्हणजे दुचाकीवाल्याला लाल दिव्याखाली भाजत उभं राहायला नको. बागेत दुपारी येतात ते फेरीवाले, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर आणि त्यांची पोरं. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या कुटुंबांची आणि त्यांची गाठ सहसा पडत नाही. पाचच्या सुमारास ते उठतात आणि कामावर परततात.