नळीने डिझेल काढणे

कॅन किंवा ड्रममधले डिझेल पंपाशिवाय, केवळ नळी आणि उंचीतल्या फरकाच्या बळावर दुसऱ्या टाकीत उतरवण्याची रीत, सायफन. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या बागा आणि कलमांसाठी ओळखले जाते. अशा मुलखात फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातच असतो आणि डिझेलची कॅन धुऱ्यावर येते.

भरलेली २० लिटरची कॅन सुमारे १७ किलो भरते. ती छातीइतक्या उंच धरून नरसाळ्यात ओतायची म्हणजे कसरतच. कॅनच्या एकाच तोंडातून डिझेल बाहेर आणि हवा आत जात असल्याने धार गुडगुड करत, धक्क्याधक्क्याने येते आणि बॉनेटवर सांडते. म्हणून कॅन टाकीहून उंच ठेवून नळी लावतात. मडगार्डची उंची पुरली नाही, तर त्यावर संत्र्याचे रिकामे कॅरेट उपडे घालतात. पारदर्शक नळी बरी. डिझेल कुठवर आले ते दिसते.

सायफन चालतो तो नळीच्या लांब, खालच्या बाजूतल्या द्रवाच्या वजनाने. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने १९११ पासून त्याचे श्रेय हवेच्या दाबाला दिले होते. ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ती चूक दाखवून दिली.

धार सुरू करायला नळी तोंडाने ओढण्याची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. ठसका लागून डिझेल फुप्फुसात गेले, तर न्यूमोनियासारखा गंभीर दाह होतो. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय इथे घातक. डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते, तेव्हा थेट दवाखाना गाठावा. तोंडाने ओढण्यापेक्षा नळी कॅनमध्येच बुडवून भरावी, एका टोकावर अंगठा घट्ट दाबून ते टाकीत न्यावे आणि मग अंगठा सोडावा. दुसरे टोक मात्र डिझेलमध्येच बुडालेले हवे. टोकाशी काचेची गोळी असलेल्या, हलवून चालू होणाऱ्या नळ्याही मिळतात.

नळीचे टोक कॅनच्या तळाला टेकवू नये. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते; गाळही तिथेच. शेवटचे बोटभर डिझेल सोडण्याचा जिवावर येणारा नियम पाळणाऱ्याचे फिल्टर टिकते. टाकी कोरडी पडली, तर इंजिन हवा घेते आणि मग हवा काढत बसावे लागते.

‘डिझेल पेट घेत नाही’ हा समज वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात धोक्याचा आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सियस, आणि मे महिन्यात पारा सहज ४० च्या वर. उन्हात डिझेल फुगतेही: २० लिटर २० अंशांनी तापले, तर पाव लिटरहून अधिक. कॅन काठोकाठ भरू नये ते यासाठी.

शिडाच्या बोटीवरही हीच रीत आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा बोटींना शिडे असली तरी वीज तयार करायला आणि बंदरात शिरायला इंजिन लागते. फरक एवढाच की तिथे धुराच डोलत असतो: कॅन दोराने बांधावी लागते, समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागते आणि भरणतोंडातून खारे पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती फडके गुंडाळावे लागते. डेकवर सांडलेल्या डिझेलवरून पाय घसरतो. ते नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी फडक्याने टिपायचे, मग साबण.