दोन नगराध्यक्ष

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा, अहमदपूर आणि मग चाकूर लागतं. माझं आजोळ नांदेडचं, घर लातूरचं. त्यामुळे या रस्त्याच्या दोन्ही टोकांचे म्हातारे माझ्या वाट्याला आले. दोन्हीकडे एकेक जुना नगराध्यक्ष होता, दोघेही पुढे देशाचे गृहमंत्री झाले, आणि दोन्हीकडच्या मंडळींना आपलाच मोठा वाटायचा.

आजोबांचे शंकरराव चव्हाण. जन्म 1920 चा, पैठणचा. वकिली शिकले हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठात, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. पन्नासच्या दशकात ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. पण आजोबांच्या गोष्टीत नगरपालिका दोन वाक्यांत उरकायची आणि थेट धरण सुरू व्हायचं. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधी उद्घाटनाला आल्या तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. मधली कितीतरी वर्षं पाटबंधारे खातं त्यांच्याच हाती. "सायबाला माणसाचं नाव आठवायला येळ लागायचा, पण कॅनॉलचा चारी नंबर तोंडपाठ," हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. खरं-खोटं देव जाणे. महाराष्ट्र मात्र त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचा, आणि 1986 मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर शून्याधारित अर्थसंकल्प आणून त्यांनी खात्याखात्याला प्रत्येक रुपयाचा जाब विचारला, हे पाहता ते नाव फुकट पडलेलं नव्हतं.

आजी स्वयंपाकघरातून ऐकत असायची. तिच्या चुलत बहिणीचं सासर जायकवाडीच्या नाथसागरात गेलं होतं. कॅनॉलच्या गोष्टीला रंग चढला की ती म्हणायची, "अन् त्या शंभरावर गावांचं काय झालं, ते बी सांगा की लेकराला." आजोबा विष्णुपुरीच्या उपसा सिंचनाकडे वळायचे.

आमच्या घरी, लातुरात, गोष्टीचा थाटच वेगळा. बाबांचे शिवराज पाटील चाकूरकर. जन्म 1935, चाकूरचा. हेही उस्मानियात शिकलेले, पुढे मुंबईत कायदा. हेही पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांचे भक्त. 1967 मध्ये लातूरचे नगराध्यक्ष, मग आमदार, विधानसभेचे अध्यक्ष, आणि 1980 पासून सलग सात वेळा लातूरचे खासदार. बाबांना त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या बोलण्याचं अप्रूप. आवाज चढवणार नाहीत, समोरच्याला अरे-तुरे करणार नाहीत, बंद गळ्याच्या कोटाची घडी मोडणार नाही. हीच घडी पुढे अंगाशी आली. सप्टेंबर 2008 मध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले त्या संध्याकाळी गृहमंत्र्यांनी किती वेळा कपडे बदलले, याच्या बातम्या झाल्या. बाबांनी त्या दिवसांत टीव्ही लावायचं सोडून दिलं होतं.

1991 ते 96 या काळात दोघेही दिल्लीत होते. शंकरराव गृहमंत्री, शिवराज लोकसभेचे अध्यक्ष. बाबरी पडली तेव्हा सरकारी बाकावर उत्तर द्यायला एक मराठवाड्याचा आणि समोर आसनावर दुसरा. हा विषय निघाला की आजोबा सुपारी शोधायला लागायचे. गृहमंत्री म्हणून शंकररावांचं अपयश तिथे आहे, आणि ते कुठल्याही कॅनॉलनं धुऊन निघत नाही, असं मला वाटतं. त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत मला कधी झाली नाही.

पण म्हातारे जे सांगत नाहीत तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1993 मध्ये शिवराज पाटलांच्या काळात संसदेत खात्यांशी जोडलेल्या सतरा स्थायी समित्या सुरू झाल्या. मंत्रालयांच्या मागण्या तिथे पक्षाचा झेंडा बाजूला ठेवून तपासल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी, 30 सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. किल्लारीच्या गोष्टी आमच्याकडे घरोघरी आहेत. समित्यांची एकही नाही. समितीची गोष्ट सांगणार कशी? तिच्यात ना पाणी, ना पडझड.

2004 मध्ये लातूरनं चाकूरकरांना पाडलं, तरी राज्यसभेतून जाऊन ते गृहमंत्री झाले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर 30 नोव्हेंबर 2008 ला राजीनामा. पाठोपाठ बाभळगावच्या सरपंचपदापासून वर आलेल्या विलासराव देशमुखांचं मुख्यमंत्रिपद गेलं, आणि त्या खुर्चीवर बसले शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण. एका आठवड्यात लातूरचं सगळं गेलं आणि नांदेडला मिळालं! नव्या वर्षात नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं. आमच्याकडे तर मामा आणि बाबांचा फोनच बंद झाला.

तो पुन्हा सुरू केला मामांनीच, एप्रिल 2016 मध्ये. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली होती. मामा म्हणाले, "दाजी, तुमच्याकडं लोकसभेचा अध्यक्ष झाला, गृहमंत्री झाला, मुख्यमंत्री झाला. नळाचं तेवढं राहिलं का?"

बाबांना उत्तर सुचलं नाही. चाकूरकर 12 डिसेंबर 2025 ला लातुरातच गेले, नव्वदाव्या वर्षी. त्या दिवशी बाबांनी आपण होऊन मामांना फोन लावला आणि मी शेजारी बसून स्थायी समित्यांची माहिती त्यांना पुरवत राहिलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् नळाला आता किती दिवसाआड येतंय?"