सीमेवरून कापलेला खेळ

मुलं फरशीवर पसरून बसतात त्या जिगसॉचं मूळ नकाशांच्या धंद्यात आहे. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी हा तरुण तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरायचा. थॉमस जेफरीज या नामवंत नकाशाकाराकडे त्याने उमेदवारी केली होती. त्याने छापील नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक पात्याच्या करवतीने देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी जोडत जोडत भूगोल शिकावा, एवढाच हेतू. त्याच सुमारास लंडनमध्ये शिकवणाऱ्या फ्रेंच लेखिका मादाम द बोमाँ याही लाकडी नकाशे वापरत, त्यामुळे पहिला मान कुणाचा हा वाद आहे. धंदा मात्र स्पिल्सबरीने उभा केला. १७६९मध्ये, ऐन तिशीच्या सुमारास तो वारला.

तिसऱ्या जॉर्ज राजाची मुलंही असेच नकाशे जोडत. त्यांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांचं नकाशांचं कपाट अजून जपलेलं आहे. लाकूड महाग, काम हाताचं, म्हणून हा खेळ बड्या घरांतलाच. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये (१८१४) गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जोडता येत नाही, म्हणून श्रीमंत मावसबहिणी तिला हसतात.

त्या देशांच्या तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा नसत. अस्तनीचा धक्का लागला की अख्खा युरोप विस्कटायचा. खाचेचा आधार नाही, म्हणजे देशाचा आकारच डोळ्यांत बसायला हवा.

पुढे लाकडाच्या जागी पुठ्ठा आला, साच्याने कापाकापी होऊ लागली आणि १९३०च्या मंदीत खेळ सामान्यांच्या घरी पोचला. पण आता चित्रातल्या हत्तीच्या कानातून कुठेही काप जातो. त्या रेषेला स्वतःचा अर्थ नसतो. म्हणून लहान मुलांबरोबर बसायचं तर मला अजूनही नकाशाच आवडतो. गडचिरोलीचा उभा तुकडा पूर्व टोकाला लावताना मुलाचा हात महाराष्ट्राची लांबी मोजतो.

शिवाय सीमा बदलतात, हेही तिथेच कळतं. स्पिल्सबरीने १७६६मध्ये कापलेल्या युरोपात पोलंड होता. १७९५पर्यंत शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला. आपल्याकडे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. घरातल्या जुन्या संचात पालघर सापडणार नाही. तो संच टाकू नका. ठाण्याच्या तुकड्यावर मुलाकडूनच पेन्सिलीने नवी सीमा आखून घ्या.