पिळाचं सूत आणि विजेचं

सिल्वासाचा इतिहास आमच्याकडे आजीचा वेगळा आणि काकांचा वेगळा. आजीचा २ ऑगस्ट १९५४ ला संपायचा. भर पावसाळा, पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलकडे पळालेला, गावात तिरंगा. "ते गाणारे फडकेसुद्धा होते हो त्यात," हे ती हमखास जोडायची, आणि सुधीर फडके त्या लढ्यात होतेच.

काकांचा इतिहास करसवलतीपासून सुरू व्हायचा. आमली, मसाट, खडोली, जिकडेतिकडे पॉलिस्टर यार्नचे कारखाने. काका टेक्श्चरायझिंगवर पाळी करायचे. बॉबिनवरून सुटलेला धागा हीटरवरून जातो, गरम असतानाच त्याला पीळ बसतो, थंड झाल्यावर पीळ उलगडतात. कुरळेपणा मात्र राहतो. शेवटी तेलाचा हात. पॉलिस्टर वीज वाहू देत नाही, घासलं की अंगावर साचवतं. हिवाळ्यात मशीनजवळ हातावरची लव उभी राहायची, म्हणे.

त्यामुळे वीज वाहणाऱ्या पॉलिमरला २००० सालचं नोबेल मिळालं, हे त्यांना पटेना. मी त्याच्या मानकऱ्यांपैकी शिराकावांची गोष्ट सांगितली. टोकियोतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत एकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा तयार झाला. "आमच्याकडे त्याचा पगार कापला असता," काका म्हणाले. पुढे अमेरिकेत मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्यासोबत त्याच पॉलिअॅसिटिलीनला आयोडीन दिलं, आणि १९७७ मध्ये त्यातून धातूसारखी वीज वाहिल्याचं जाहीर झालं.

बॅटरीची वाट इथूनच फुटली. अशा पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन काढता येतात, परत घालता येतात. तेच चार्जिंग, तेच डिस्चार्जिंग. १९८७ च्या सुमारास ब्रिजस्टोन आणि सेको यांनी पॉलिअॅनिलीनचे बटण सेल बाजारात आणले, पण ते फार चालले नाहीत. लिथियम-आयनने मैदान मारलं. आता त्यात लागणाऱ्या कोबाल्ट-निकेलच्या खाणींचा प्रश्न आल्यावर सेंद्रिय पदार्थांची पुन्हा आठवण झाली आहे. त्यांचे छोटे रेणू बॅटरीतल्या द्रावणात विरघळून जातात. लांब साखळीत ओवले की जागेवर राहतात. २००२ मध्ये जपानच्या एनईसीतल्या संशोधकांनी हेच करून दाखवलं. इथे पॉलिमरवाल्याचं कसब लागतं, आणि मला वाटतं, खरं श्रेय या कंटाळवाण्या ओवण्याला द्यायला हवं. नोबेलची गोष्ट सांगायला सोपी, एवढंच.

काकांनी किलोचा भाव विचारला. टनावारी विकला जाणारा माल नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. मग थोड्या वेळाने, "जागा किती खातो?" धातूच्या मानाने जास्त, मी म्हणालो. "मग मोबाइलचं राहू दे," ते म्हणाले, "गोडाऊनमध्ये ठेवायच्या मोठ्या बॅटऱ्यांचं बघ."