एक आणा, एक टक्का आणि एक मोरी

मार्च महिना आला की पेपरात एक बातमी हमखास येते. ‘जिल्हा परिषदेचे अमुक कोटींचे अंदाजपत्रक मंजूर.’ आपण ती वाचत नाही. क्रिकेटच्या पानाकडे जाताना ओझरती दिसते तेवढीच. मीही नव्हतो वाचत. पण आमच्या घरात या बातमीला आजोबांची एक गोष्ट चिकटलेली आहे. ती लिहून काढायचं कितीतरी दिवस राहून गेलं होतं. मागच्या दिवाळीत आत्यानं पुन्हा विषय काढला, म्हणून आज बसलोय. गोष्ट एवढीशी आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला मला जरा लांबून यावं लागणार. सवयीप्रमाणे!

तर सुरुवात नाणेघाटापासून. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळे सांगतात. जवळच लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख. त्यात काय आहे? कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याची यादी. मला तिथं गेलं की दर वेळी गंमत वाटते. बाहेर जमा आणि आत खर्च! दोन हजार वर्षांपूर्वीचं अंदाजपत्रकच म्हणा ना. फक्त त्यात चर्चा नाही. घाट चढून आलेल्या हमालाला ‘बाबा रे, तुझ्या नाण्याचं काय करू?’ असं कुणी विचारल्याचं भिंतीवर कुठं कोरलेलं नाही.

ते विचारायची थोडीफार सोय व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा पट्टी बसवायला सुरुवात झाली. १८६९ च्या कायद्यानं तिला पक्कं रूप आलं. हा ‘लोकल फंड’. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी ढोबळ वाटणी होती. शिवाय टोलनाके, नदीवरच्या नावा, शाळेची फी आणि कोंडवाडे यांचंही उत्पन्न होतं. म्हणजे कुणाची म्हैस दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, ती कोंडवाड्यात गेली आणि दंड भरून सुटली, की ते पैसेही या फंडात. आमच्या पणजीच्या तोंडी शेवटपर्यंत ‘लोकलबोर्डाची शाळा’ असाच शब्द होता. तिला ‘झेडपी’ कधी म्हणता आलं नाही.

पण हा फंड खर्च कोण करणार? साहेब! १८८२ साली लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला, १८८४ साली मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डाचा कायदा झाला आणि जिल्ह्याला नि तालुक्याला बोर्डं आली. काही सभासद निवडून आलेले, काही सरकारनं नेमलेले, आणि जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी खुद्द कलेक्टर. आंबेगाव तेव्हा वेगळा तालुका नव्हता, खेडचा पेठा होता. तरी टेबलाभोवती बसून ‘रस्ता आधी की शाळा आधी’ यावर बोलायची सुरुवात तिथून झाली.

आता यातली मेख बघा. पट्टी होती शेतसाऱ्यावर. जिथं जमीन काळी आणि कसदार, तिथं सारा जास्त, म्हणून पट्टीही जास्त. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरउतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन. तिचा सारा कमी, म्हणून आणाही कमी. म्हणजे ‘ज्याचे पैसे त्याला’ असं म्हटलं, तर डोंगराला काहीच मिळायला नको. आणि एक आणा देताना तिथल्या माणसाला जो चिमटा बसायचा, तो पूर्वेकडच्या बागायतदारापेक्षा कमी थोडाच होता?

हा प्रश्न त्याच काळात एका माणसानं मोठ्यानं विचारला होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढं साक्ष देताना महात्मा फुल्यांचा मुद्दा हाच होता, की सरकारच्या तिजोरीत मोठा वाटा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. फुले स्वतः १८७६ नंतर काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला, हे पैसे शिक्षणाला द्या म्हणाले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ठराव अर्थातच पास झाला. पण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आपल्याला आठवतो तो विरोध. स्वागताची कमान कशी होती ते कुणाला ठाऊक आहे?

पुढं १९३८ च्या दुरुस्तीनं तालुका बोर्डं गेली. कारभार सुटसुटीत झाला असेल, पण जुन्नरच्या माणसाला आपलं गाऱ्हाणं मांडायला पुण्याचीच वाट धरावी लागली. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. आणि हे जुन्नर गावापासून. घाटमाथ्यावरच्या वाडीतून आधी जुन्नरपर्यंत यायचं, ते वेगळंच.

मग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. तालुक्याला पुन्हा आपली सभा मिळाली. आणि इथं आमचे आजोबा गोष्टीत येतात.

आजोबा त्या पहिल्या दशकात आमच्या भागातल्या एका पंचायत समितीचे सभासद होते. एकच टर्म. पांढरी टोपी, कोट आणि खिशात लाल पुठ्ठ्याची छोटी वही. बैठकीत कोण काय बोललं ते त्यात पेन्सिलीनं टिपायचे. वही आता आत्याकडं आहे. अक्षर लागत नाही, पण आकडे लागतात.

एका वर्षी मार्चअखेर समितीच्या वाट्याला थोडी रक्कम शिल्लक राहिली. मागण्या दोन. एक होती डोंगरातल्या एका वाडीची, शाळेला खोली हवी म्हणून. मुलं देवळात बसत होती आणि देवळाला तीनच भिंती. दुसरी मागणी आमच्या गावाची. बाजाराच्या रस्त्यावर ओढ्याला मोरी हवी होती, पावसाळ्यात बैलगाड्या अडकायच्या. दोन्ही मागण्या खऱ्या होत्या, हे लक्षात घ्या. आमच्या आजोबांनी काही चोरी केली नाही.

डोंगरातल्या त्या वाडीच्या बाजूनं बोलणारे सभासद महादेव कोळी समाजाचे वयस्कर गृहस्थ होते. फारसे शिकलेले नव्हते, पण उभे राहिले की बैठक गप्प व्हायची, असं आजोबा सांगत. पहाटे निघून दोन तास चालायचं आणि मग एसटी धरायची, असा त्यांचा प्रवास. त्या दिवशी त्यांची एसटी चुकली. बैठक अकराची. विषय साडेअकराला आला. कुणीतरी म्हणालं, थोडं थांबू या. कुणीतरी म्हणालं, किती वेळ थांबायचं? आजोबांनी मोरीचा ठराव मांडला, पाच मिनिटांत पास झाला. ते गृहस्थ आले दुपारी दीडला. त्यांना कळलं तेव्हा रागावले नाहीत. ‘पाटील, पुढल्या साली आमची खोली घ्या’ एवढंच म्हणाले आणि चहा पिऊन परतीच्या गाडीला गेले.

पुढल्या साली दुष्काळी कामं आली आणि खोली राहिली. पुढं कधीतरी ती झालीही असेल. आजोबांनी ते कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मात्र म्हातारपणी त्या मोरीवरून जाताना दर वेळी ते एकच वाक्य म्हणायचे. ‘ही मोरी आपल्याकडं आली, कारण आपली गाडी लवकर सुटते.’

लहानपणी मला हा विनोद वाटायचा.

अलीकडे जिल्हा परिषदेच्या पैशाचं गणित जरा समजून घेतलं, आणि त्या वाक्याचा विनोद संपला. पुणे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात आज शेतसाऱ्याला कुणी विचारत नाही. मोठी बाब आहे मुद्रांक शुल्क. जमीन किंवा फ्लॅट विकला की मुद्रांकावर एक टक्का अधिभार पडतो आणि तो जिल्हा परिषद नि ग्रामपंचायतींत वाटला जातो. म्हणजे पैसा येणार हवेली-मुळशीकडून, जिथं इमारतींवर इमारती उठताहेत. (तीच गावं पुढं महापालिकेत जातात. २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये २३ गेली, आणि त्यांच्याबरोबर तो पैसाही.) डोंगराचं काय? आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना सहजासहजी विकता येत नाही, जमीन महसूल कायद्यात त्यासाठी कलम ३६-अ आहे. ते असायलाच हवं, नाहीतर डोंगर कधीच विकला गेला असता. पण त्यामुळं तिथून मुद्रांक शुल्कही येत नाही. १८६३ चा आणा असो की आजचा टक्का, माप बदललं तरी डोंगर रिताच!

बरं, मग ‘प्रत्येक गटाला सारखा निधी द्या’ ही सभेतली लाडकी मागणी घ्या. ऐकायला न्यायाची. पण गट पाडतात लोकसंख्येवर. दाट वस्तीचा गट दहा-बारा गावांत संपतो. विरळ वस्तीच्या डोंगरी गटात वाड्या-वस्त्या मोजता मोजता दिवस मावळतो आणि प्रत्येकीला रस्ता वेगळा, विहीर वेगळी. सारखी वाटणी म्हणजे तिथं पुन्हा कमीच.

काही ठिकाणी शहाण्या माणसांनी गरज थेट नियमातच लिहून ठेवली, हे खरं आहे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले वीस टक्के मागासवर्गीयांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. सुकथनकर समितीनंतर, १९९३ पासून, आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवायचं राज्यानं मान्य केलं. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. २०१५ पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के थेट मिळू लागले. हे सगळं कुणीतरी, कुठंतरी उभं राहून भांडलं म्हणून झालं. आपोआप काही झालेलं नाही.

पण नियमात सगळं मावत नाही. डिंभे धरणाचंच बघा. जुनं आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पाचं पाणी पार श्रीगोंदा-करमाळ्याकडं जातं, आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट. ही गोष्ट कुठल्या लेखाशीर्षात बसवणार? माळीणचं नाव ३० जुलै २०१४ च्या आधी आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली, तेव्हा आपल्याला नकाशात ते गाव सापडलं. अशा गावांचं नाव एरवीच्या, काहीही न घडलेल्या दिवशी सभागृहात घेतलं जाणं, हीच तर सभासदाची नोकरी.

म्हणून २०२२ नंतरची वर्षं मला खटकली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या ७५ सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका आरक्षणाच्या वादात कोर्टात अडकल्या आणि पुढची काही वर्षं मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून अंदाजपत्रक मंजूर करत राहिले. त्या अधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. कदाचित त्यांची बेरीज-वजाबाकी सदस्यांपेक्षा चोख असेल. सभागृहात आरडाओरडा होतो, हेवेदावे निघतात, कंत्राटांची गणितं असतात, सगळं मान्य. पण प्रशासकाच्या बैठकीत कुणाची एसटी चुकत नाही, कारण कुणी यायचंच नसतं. ‘थोडं थांबू या’ म्हणायलाही कुणी नसतं.

आजोबांच्या वहीत त्या तारखेच्या पानावर मोरीची रक्कम लिहिली आहे आणि तिच्याखाली एक रेघ मारली आहे. रेघेखाली पेन्सिलीनं ‘शाळाखोली’ आणि पुढं जागा कोरी. आत्या म्हणते, आकडा लिहायचा राहून गेला असेल. मला नाही तसं वाटत. त्यांनी ती जागा मुद्दाम ठेवली असावी, पुढल्या सालासाठी.

मोरी अजून आहे. रस्ता डांबरी झाला, बैलगाड्या गेल्या, पिकअप आल्या, पण खाली तोच जुना दगड आहे. पुढच्या वेळी गावाकडं गेलो की आधी त्या वाडीत जाऊन यायचं ठरवलंय. खोली झाली का, कधी झाली, एवढंच विचारायचंय. आत्या, तू येणार असलीस तर वही आण. आणि दादा, पहाटे लवकर निघायचं हं, उगाच उशीर नको.