मैलांची तबकडी

हातखंब्याला तिठा आहे. एक रस्ता मुंबईला जातो, एक गोव्याला, एक खाली रत्नागिरीला. तिथल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये मामूंची फियाट उभी असे. १९५८ सालची, लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती. पुढून तिचे नाकच तसे! मामू बोटीवर नोकरीला होते. पैसे साठवून त्यांनी ती जुनी घेतली आणि मरेपर्यंत जपली.

ही गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ला फियाट ११०० डिलाइट आली, १९७४पासून तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर २०२३.

मामूंच्या गाडीची तबकडी मैलांची होती. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, १ एप्रिल १९५७पासून नवे पैसे आले. आणे गेले, शेर गेले, रस्त्यावरचे दगडही बदलले. पण धावणाऱ्या गाड्यांच्या तबकड्या कोण बदलणार? मामू काट्यावर ४० बघत आणि मनात ६४ करत. (आपण बोलताना अजून ‘मैलाचा दगड’च म्हणतो, ती गोष्ट वेगळी.)

मामूंच्या पश्चात गाडी विकायची ठरली, तेव्हा काटा नुसता थरथरत होता आणि रनिंगचे आकडे ६१,४०८वर थांबले होते. मी बी. ए. झालेला माणूस, हातात पाना धरायची सवय नाही. तरी बॅटरीची तार सोडली आणि मीटर बाहेर काढले.

आत पाहिले तर किती साधे! गिअरबॉक्सपासून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर अॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न चिकटलेली. चुंबक फिरला की वाटीत वीज उपजते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. तांब्याची चकती फिरवली की जवळची चुंबकसुई वळते, हे फ्रान्सच्या आरागोने १८२४च्या सुमारास पाहिले होते. त्याचे कारण फॅरडेने १८३१मध्ये उलगडले आणि स्ट्रासबुर्गच्या ओट्टो शुल्झेने १९०२ साली त्यावरून वेगमापकाचे पेटंट घेतले. शेडमध्ये माझ्या मांडीवर होते ते हेच.

दोष केबलचा निघाला. कोरडी पडून ती आत अडकत होती आणि टोकाला झिजली होती. रत्नागिरीहून नवी आणली आणि ग्रीस लावून बसवली. वरचा वीतभर भाग मात्र कोरडा ठेवायचा, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये जाते. पेट्रोलचा काटाही मेला होता. टाकीजवळची अर्थची तार गंजलेली. आपल्याकडची खारी, दमट हवा! काच-कागदाने घासली, काटा हलला.

मीटर उघडेच होते तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘आता आकडे फिरवून टाका ना. वीस हजार दाखवले तर भाव येईल. कोण बघतंय?’’ हात लावला असता तर चाके सहज फिरली असती. त्या आकड्यांत मामींना दवाखान्यात नेलेल्या रात्री होत्या, आणि माझ्या निकाहची वरातही. शिवाय घेणारा कोल्हापूरचा होता, त्याने गाडी घाटातून न्यायची होती. मी झाकण लावले.

मग तिठ्यावरून रत्नागिरीच्या दिशेने निघालो. भाचा किलोमीटरचे दगड मोजत होता. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. आठवा दगड आला तेव्हा मीटरवर ६१,४१३ होते. घेणाऱ्याला तो आकडा दाखवला. भाव पाडून मागितला त्याने, आणि मी दिली.